बंदुकीची उलटी फुंकर

आमच्या रस्त्याचे सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. ज्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला, त्या नारायण मल्हार जोशांचे नाव या रस्त्याला लाभले याची आम्हां कामगारांना धन्यता वाटते. परंतु तोंडात बसलेले नाव काही सुटत नाही. आमच्या चाळीतील म्हातारी माणसे डिलाईल रोड म्हणत, आम्हीही डिलाईल रोडच म्हणतो, आणि टॅक्सीवाल्यालाही तेच लवकर कळते. हे नाव उच्चारताना ते एखाद्या बंदुकीचे असेल असे आमच्या स्वप्नातही कधी आले नव्हते. काही वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात दुसऱ्या महायुद्धातील हत्यारांवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. शब्दकोश शेजारी घेऊन वाचण्याची आमची जुनी सवय आहे. त्याप्रमाणे वाचत असता एका पानावर ‘डिलाईल कार्बाईन’ असा मथळा दिसला आणि आम्ही थबकलो. रस्ता आणि बंदूक यांच्यात नावापलीकडे काही संबंध जोडण्याचा आमचा मानस नाही. परंतु त्या एका नावाने आम्हांला ज्या वाटेला लावले, त्या वाटेवर जे सापडले ते या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे मांडावे असे वाटले, म्हणून हा विषय घेतला.

कामगार चळवळीतील माणसाने बंदुकीच्या रचनेवर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्या वस्तीला बंदुकीची ओळख आहे ती नळीच्या पुढच्या बाजूने. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध गिरणगावाने एक दिवसाचा संप केला तेव्हा गोळी चालली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून गिरण्या बंद पडल्या तेव्हा लष्कराने लालबाग-परळात गोळीबार केला. परळ भागात कमल दोंदे पडल्या आणि त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेच्या वर माणसे गेली. १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे पडली. हा इतिहास आम्ही अनेक सभांतून सांगितला आहे व पुढेही सांगू. परंतु नळीच्या मागच्या बाजूलाही एक माणूस असतो. तोही बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या खोलीतून आलेला असतो. बी. डी. डी. चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत गिरणी कामगारांप्रमाणे पोलीस शिपायांचीही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली. भिंत एकच, नळही एकच. ऑगस्ट १९८२ मध्ये, आमचा मोठा संप चालू असतानाच, मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपल्या गाऱ्हाण्यांसाठी काम टाकले, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा आम्ही पोरसवदा होतो. त्या मागच्या माणसाच्या नाकातोंडात काय जाते, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम त्या डिलाईल बंदुकीविषयी. विल्यम गॉडफ्रे डिलाईल हा इंग्रज इंजिनियर. सरकारच्या हवाई खात्यात नोकरीला असताना त्याने स्वतःच्या हौसेने आवाज न करणारी एक लहान बंदूक बनविली. पुढे युद्धकाळात ती सैन्याच्या एका विशेष विभागाकडे गेली. लंडनमधील न्यू अॅडेल्फी इमारतीच्या गच्चीवरून थेम्स नदीत तिचे बार काढून पाहिले तेव्हा खाली रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कोणी मान वर केली नाही, अशी हकीकत नमूद आहे. मग लष्करासाठी जी बनली तिचा सांगाडा आपल्याकडच्या शिपायांच्या परिचयाच्या ली-एनफिल्ड रायफलीचा, काडतूस मात्र पिस्तुलाचे, ४५ बोराचे. त्याची गोळी जड व मंद. तिचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी असतो, त्यामुळे हवा फाटल्याचा जो कडाडा मोठ्या रायफलीच्या गोळीमागे येतो तो हिच्यामागे येत नाही. नळीला भोके पाडलेली आणि तिच्याभोवती दोन इंच जाडीचे नळकांडे. दारूचा वायू त्या भोकांतून नळकांड्यात शिरे, पडद्यापडद्यांतून फिरून थंड होई आणि मग हळू बाहेर पडे. अशा फार थोड्या बंदुका तयार झाल्या, दीडशेच्या आतच. युरोपात कमांडोंनी, ब्रह्मदेशात, आणि युद्धानंतर मलायात तिचा वापर झाला.

तिचा सर्वांत मोठा आवाज गोळीचा नव्हता, तर पुढचे काडतूस भरण्यासाठी हाताने खिट्टी मागेपुढे करताना जो खटका होई त्याचा होता, असे म्हणतात. हे वाचून आम्हांला हसू आले. परंतु आमच्या विषयाची किल्ली त्या खिट्टीतच आहे. खिट्टी हाताने उघडायची असल्यामुळे बार झाल्यावर जोवर शिपाई हात हलवीत नाही तोवर नळीचे मागचे दार बंदच राहते. तेवढ्या वेळात नळकांड्यात कोंडलेला वायू पुढच्या तोंडाने निघून जातो. माणसाच्या चेहऱ्याकडे परत यायला त्याला वाटच नसते.

मागून वायू येणे ही बंदुकीची जन्मखोड आहे. आपल्याकडील तोड्याची बंदूक घ्या. तिच्या कानावर रंजक ठेवायची, तोडा टेकवायचा. नळीत बार होताच त्याच कानातून ज्वाळेची एक फुंकर उलटी बाहेर पडणार आणि बरकंदाजाच्या गालाजवळून जाणार. पुढे मागून काडतूस भरण्याच्या बंदुका आल्या तेव्हा ही खोड आणखी वाढली. प्रशियाने १८४१ साली स्वीकारलेली ड्राइसची सुईबंदूक इतिहासात फार गाजली, १८६६ च्या लढाईत तिने ऑस्ट्रियाला नमविले. परंतु तिच्या सांध्यातून वायू असा काही फुटे की अनेक शिपाई ती खांद्याला न लावता कमरेशी धरून झाडीत. फ्रेंचांनी त्याच वर्षी आपल्या शासपो रायफलीत रबराची चकती बसवून फट बुजविली. ती चकती जळून जाई व बदलावी लागे. खरा उपाय निघाला तो पितळी पुंगळीचा. बार होताच पितळ फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते व दार आपोआप बंद करते. दाब उतरला की ते पुन्हा आकसते आणि पुंगळी सुटून बाहेर येते. इतकी साधी ही गोष्ट आहे! पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली निघाला. तेथे व पुढे वरणगावसारख्या ठिकाणी ज्या कामगारांनी पितळ ओढून पुंगळ्या घडविल्या, त्यांच्या हातांनी अगणित शिपायांचे डोळे वाचले असतील, हे कोणत्याही युद्धाच्या इतिहासात लिहिलेले नसते.

पुंगळीने दार बंद झाले, पण माणसाची हाव थांबली नाही. १८८४ साली व्हिएय नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू शोधली. धूर गेला, नळीतला दाब मात्र फार वाढला. त्याच वर्षी हायरॅम मॅक्झिमने गोळीच्या धक्क्यावर आपोआप चालणारी तोफबंदूक केली. आणि १८८९ साली अमेरिकेत जॉन ब्राउनिंग याने पाहिले की बंदुकीच्या तोंडापुढचे गवत प्रत्येक बाराबरोबर वाऱ्याने वाकते. हा वारा फुकट जातो आहे, याच्याकडून काम का करून घेऊ नये, असे त्याच्या मनात आले. आमच्या मते हा क्षण कारखानदारीच्या इतिहासातला आहे. वाया जाणाऱ्या शक्तीला कामाला जुंपणे ही गिरणीमालकाची दृष्टी. तेव्हापासून नळीला बाजूने एक बारीक भोक पडले. गोळी त्या भोकाच्या पुढे गेली की थोडा वायू भोकातून वळून दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या खिट्टी मागे फेकतो, रिकामी पुंगळी उडते, स्प्रिंग खिट्टी पुढे आणते, नवे काडतूस चढते. शिपायाने फक्त चाप ओढायचा. हाताची जागा वायूने घेतली. नळीचे दार केव्हा उघडायचे हे पूर्वी माणूस ठरवीत असे, ते आता यंत्र ठरवू लागले.

आमच्या फौजेत ही रचना दोन बंदुकांमुळे घरोघर माहीत झाली. एक ब्रेनगन. तिच्या वायूच्या भोकाला चार मापे असत आणि गन अडखळली की पुढचे माप लावायचे हा धडा जवानांना झोपेतही पाठ असे. दुसरी एसएलआर. १९६२ च्या चीन युद्धात ३०३ रायफली घेऊन आपले जवान लढले, त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात ही आपोआप भरणारी रायफल निघू लागली. तिचे मूळ बेल्जियमच्या एफएएल रायफलीत आहे. तिच्या नळीवर वायूचे एक फिरते कडे असते. कडे उघडे केले की जास्तीचा वायू बाहेरच्या हवेत सुटतो. आवळले की सगळा दट्ट्यावर जातो. कडे मोकळे ठेवून सुरुवात करायची, एकेक घर आवळत जायचे, रायफल नीट चालू लागली की वर थोडे आणखी आवळून थांबायचे. म्हणजे काम होण्यापुरताच वायू घ्यायचा, अधिक नाही. शिवाय पुढच्या बुचाला अर्धा वेढा दिला की वायू अगदी तोडता येतो. हातगोळा फेकताना तसे करतात. वायू तोडला की ही रायफल पुन्हा हाताने भरायची बंदूक होते.

आमच्या संघटनेत खाजगी सुरक्षा रक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी १९८१ चा कायदा व त्याखालचे मंडळ आहे. त्या कज्जेदलालीत आमची निम्मी हयात गेली. या रक्षकांत निवृत्त जवान असतात. त्यांपैकी साताऱ्याकडचे एक हवालदार आम्हांला एसएलआर शिकवीत असत, म्हणजे हातातल्या छत्रीवर! कड्याचे महत्त्व आम्हांला त्यांनी समजाविले. ते म्हणत, साहेब, कडे जास्त आवळलेली रायफल मारक्या बैलासारखी. खांद्यालाही मारते आणि डोळ्यातही थुंकते.

आता सायलेन्सर. मॅक्झिमचा मुलगा हायरॅम पर्सी मॅक्झिम याने १९०९ साली त्याचे पेटंट घेतले. मोटारीच्या धुराड्याला लावायचा आवाजशामक आणि बंदुकीच्या तोंडाला लावायचे हे नळकांडे ही दोन्ही एकाच विचाराची अपत्ये आहेत: कोंडलेल्या वायूला एकदम न सोडता वळणावळणाने दमवून सोडायचे. बड्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास असतो; सायलेन्सरने तो वीस-तीस डेसिबलने उतरतो. सिनेमात ऐकू येते तशी ‘फुस्’ मुळीच होत नाही, कारण गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर तिचा कडाडा राहतोच. आपल्याकडे शस्त्रांच्या १९५९ च्या कायद्याने आवाज किंवा ज्वाळा कमी करणाऱ्या उपकरणालाही शस्त्रातच धरले आहे. सामान्य नागरिकाला ते बाळगता येत नाही, आणि त्यात आम्हांला काही वावगे वाटत नाही. येथे प्रश्न आहे तो सरकारी नोकरीत ते वापरणाऱ्या माणसाचा.

आपोआप भरणाऱ्या रायफलीला हे नळकांडे लावले म्हणजे काय होते ते पाहू. पूर्वी गोळी तोंडाबाहेर पडताच नळीतला वायू तिच्यामागोमाग मोकळा होई आणि दाब झटकन उतरे. आता पुढे भिंत उभी राहिली. वायू नळीत रेंगाळतो. रेंगाळतो म्हणून बाजूच्या भोकातून तो जास्त वेळ व जास्त प्रमाणात दट्ट्याकडे जातो. जास्त गेला म्हणून खिट्टी लवकर व जोराने मागे येते. लवकर आली म्हणून दार उघडते तेव्हा नळीत अजून दाब शिल्लक असतो. आणि शिल्लक दाबाला सर्वांत जवळची मोकळी वाट कोणती? शिपायाचे तोंड! गरम वायू, काजळी, तेलाचे थेंब, टोपीतील शिशाचे व तांब्याचे सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, अमोनियाचा डोळे झोंबविणारा वास, हे सारे पुंगळी उडण्याच्या खिडकीतून आणि मागच्या फटींतून बाहेर येते. जो डावखुरा असेल त्याचा चेहरा तर त्या खिडकीवरच असतो. म्हणजे पुढचा आवाज घटला आणि त्याची किंमत मागच्या माणसाने भरली.

अमेरिकेची एम-१६ ही या बाबतीत अधिक नाजूक. यूजीन स्टोनर याने तिच्यात दट्ट्या काढूनच टाकला. वायू एका बारीक नळीने थेट खिट्टीच्या घरात येतो, म्हणजे नाकापासून वीतभर अंतरावर. रायफल हलकी व नेमकी झाली खरी. परंतु तिची व्हिएतनाममधली कहाणी प्रत्येक युनियनवाल्याने वाचावी अशी आहे. मूळ रायफल एका प्रकारच्या दारूसाठी बेतली होती. पुरवठ्याच्या सोयीसाठी वरिष्ठांनी दारू बदलली. नव्या दारूने वायूचा जोर वाढला, रायफल ठरल्यापेक्षा वेगाने चालू लागली, काजळी अधिक साठली. काडतूस बसण्याच्या खोबणीला क्रोमचा मुलामा देण्याचे टाळले गेले. आणि ही रायफल फार साफ करावी लागत नाही अशा समजुतीत सफाईचे साहित्यही पुरेसे दिले नाही. १९६६-६७ मध्ये रायफली ऐन लढाईत अडकू लागल्या; पुंगळी आत चिकटायची, ती काढताकाढता पोरे मेली. तेव्हा वरून उत्तर काय आले? शिपाई रायफल साफ ठेवीत नाहीत! पोरांनी घरी पत्रे लिहिली, आईबापांनी ती लोकप्रतिनिधींना दाखविली, आणि आयकर्ड समितीने १९६७ साली चौकशी करून लष्करी खात्याचा कारभार गुन्ह्याच्या काठावर जाणाऱ्या हलगर्जीपणाचा आहे असा ठपका ठेवला. मग मुलामा आला, दारू सुधारली, सफाईची पेटी आली.

हे आम्ही वाचले तेव्हा आमचे वडील डोळ्यांपुढे उभे राहिले. ते साचेखात्यात होते. शंभर डेसिबलच्या आसपासच्या खडखडाटात आठ तास उभे राहून त्यांचे कान गेले. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, ती त्यांना कधी कोणी सांगितली नाही. घरी ते ओरडून बोलत. आम्हां मुलांना वाटे, बाबा रागावले आहेत. एकदा खात्यात हलका, तुटका ताणा आला, सूत पदोपदी तुटू लागले आणि दंड झाला तो साचेवाल्यांना. माल खराब कोणी घेतला हा प्रश्न साहेबांच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. त्या गिरणीचे नाव आता घेऊन काय करायचे? तिच्या जागी काच लावलेल्या कचेऱ्या उभ्या आहेत.

उलटी फुंकर कमी करण्याचे जे उपाय शस्त्रकारांनी शोधले ते पाहताना आम्हांला कारखान्यातील आरोग्याचा जुना नियम आठवला. धोका उगमाशी तोडा. ते जमले नाही तर वाटेत अडवा. तेही जमले नाही तरच माणसाच्या तोंडाला फडके बांधा. मालकाचा क्रम नेहमी याच्या उलटा असतो, कारण फडके स्वस्त पडते.

उगमाशी उपाय म्हणजे वायूच मोजून घेणे. एसएलआरच्या कड्याचीच ही युक्ती आहे. सायलेन्सर लावला की भोक बारीक करायचे, काढला की पुन्हा मोठे. आजच्या पुष्कळ रायफलींत यासाठी दोन खुणांचा खटका असतो. यातील अडचण अशी की वायू फार कापला तर थंडीत, धुळीत किंवा दुबळ्या काडतुसाला रायफल अर्ध्यावर अडते, आणि लढाईत अडलेली रायफल ही डोळ्यातल्या धुरापेक्षा वाईट. म्हणून शहाणा शस्त्रकार थोडा वायू जास्तच ठेवतो. त्याला दोष देता येत नाही. परंतु किती जास्त ठेवायचा हे ठरविताना धूर गिळणाऱ्याला कोणी विचारीत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उगमाशीच दुसरा उपाय सायलेन्सरच्या पोटात आहे, आणि आमच्या मते सर्वांत मोठी प्रगती तिथे झाली. जुने नळकांडे वायूला कोंडून ठेवी. नव्या जातीत आतले मार्ग असे वळविलेले असतात की वायू फिरत फिरत पुढेच निघून जातो, मागे ढकलला जात नाही. आवाज किंवा ज्वाळा थोडी वाढली तर चालेल, पण शिपायाचा श्वास मोकळा राहावा, असा तो सौदा आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने २०२० सालापासून आपल्या पायदळाला सरसकट सायलेन्सर देण्यास सुरुवात केली, आणि २०२२ साली तिथल्या लष्कराने सिग सॉवर कंपनीची जी नवी रायफल निवडली तिच्याबरोबर असेच, मागचा वायू कमी करणारे नळकांडे आहे. पूर्वी सायलेन्सर हे मूठभर कमांडोंचे हत्यार होते तोवर त्यांच्या डोळ्यांतले पाणी कोणी मोजले नाही. हजारोंना द्यायची वेळ आली तेव्हा मोजमाप सुरू झाले. संख्येचे बळ म्हणतात ते हे. दहा रोजंदार खोकले तर तो त्यांचा स्वभाव, दहा हजार खोकले तर तो उद्योगजन्य रोग. गिरणीतील कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला भरपाईच्या कायद्याच्या यादीत जागा मिळायलाही असेच व्हावे लागले.

वाटेत अडविण्याचे उपाय दोन-तीन आहेत. खिट्टी जड करायची किंवा तिच्यामागचा भार व स्प्रिंग वाढवायची, म्हणजे ती उशिरा उघडते आणि तेवढ्या अवधीत दाब उतरतो; क्षणाच्या हजाराव्या भागांचा हा हिशेब आहे, पण तेवढ्यातच सारे घडते. एम-१६ च्या जातीत खिट्टी ओढण्याची मूठ डोळ्यांखालीच असते, तिच्या फटीतून वायू येतो. ती फट कडा उंच करून किंवा उष्णतेला टिकणाऱ्या रबरी लेपाने बुजवितात. शासपोच्या रबरी चकतीपासून दीडशे वर्षांनी माणूस पुन्हा रबराकडेच आला! हे सर्व उपाय थोडेथोडे गुण देतात. एकट्या कोणत्याही उपायाने काम भागत नाही.

शेवटी चष्मा, आणि बंदिस्त चांदमारीत हवा खेळती ठेवणे. चांदमारीच्या नोकरांविषयी येथे दोन शब्द बोलले पाहिजेत. जो शिपाई वर्षातून ठराविक गोळ्या झाडतो त्याच्यापेक्षा जो उस्ताद रोज दिवसभर इतरांच्या मागे उभा असतो, आणि जो माणूस संध्याकाळी त्या खोलीचा केर काढतो, त्यांच्या रक्तात शिसे जाण्याची भीती अधिक. कोरड्या झाडूने तिथला केर काढला की खाली बसलेले शिसे पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने पुसायचे असते, जेवणापूर्वी हात धुवायचे असतात, कामाचे कपडे घरी लहान मुलांत न्यायचे नसतात. या गोष्टी साध्या आहेत, पण हे काम हल्ली जिथे तिथे कंत्राटी माणसाकडे असते आणि कंत्राटी माणसाला हे कोणी सांगत नाही. आमचा अनुभव गोदामांचा व कचेऱ्यांचा आहे. तिथे रसायनाच्या पिंपावरचा इशारा इंग्रजीत असतो आणि पिंप धुणाऱ्याला मराठीसुद्धा धड वाचता येत नाही.

दारूगोळा बनविणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. खडकी, वरणगाव, भंडारा या महाराष्ट्रातल्या कारखान्यांसह देशभरचे आयुधनिर्माण मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. त्याविरुद्ध कामगार संघटनांनी संपाचा पुकारा केला तेव्हा ३० जून २०२१ रोजी अध्यादेश काढून संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी आणली गेली. देशाचे रक्षण ही मोठी गोष्ट आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याला तेव्हा संप करता येत नव्हता त्याने शिशाबद्दल बोलायचे कोणाशी, हा प्रश्न अध्यादेशाने सुटला नाही.

लँकेशायरच्या गिरण्यांत धोट्याच्या छिद्रातून सूत बाहेर काढण्यासाठी विणकर तोंडाने ओढून घेत. त्याला ‘धोट्याचे चुंबन’ म्हणत. नाव केवढे गोड! त्या चुंबनातून एकाचा रोग दुसऱ्याला लागे आणि तेलकट धूळ छातीत जाई. मॅसॅच्युसेट्सने ती चाल १९११ साली बंद केली, लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ उजाडले, आणि बंदीनंतरही ती काही वर्षे चालूच राहिली. हाताने सूत ओवता येईल असा धोटा मधल्या काळात तयार होता. तो महाग नव्हता. जुने धोटे अजून चालत होते, एवढेच.

त्या साताऱ्याच्या हवालदारांना आम्ही एकदा विचारले, तुम्ही इतकी वर्षे एसएलआर चालविली, डोळ्यात वायू जातो हे कधी वर कळविलेत का? ते डावखुरे आहेत हे तोवर आमच्या लक्षात आले नव्हते; चहाचा पेला त्यांनी डाव्या हाताने उचलला तेव्हा आले. ते म्हणाले, कळवायचे कुणाला? भरती झालो त्याच महिन्यात उस्तादाने रायफल उजव्या खांद्याला लावून दिली. सहा महिने गोळी कुठल्या कुठे जायची, बोलणी खाल्ली. मग जमले.